तळ्यावर शोध घेतला असता

माणूस घराबाहेर पडला की त्याला काहीतरी होतंच, हे सगळ्या धर्मग्रंथांना मान्य आहे. तो भिजतो, पडतो, हरवतो, नाहीतर शहाणा होतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टींची जबाबदारी शाळेवर येते. चौथीबद्दल आजवर एकाही पालकाची तक्रार आलेली नाही (तक्रार यावी इतक्या वेळा ती घडलेलीही नाही).

तेव्हा मुलांना बाहेर न नेता बाहेर नेण्याची काही सोय झाली पाहिजे, असा विचार आमच्या शाळेच्या सहल समितीच्या मनात आला, यात नवल नाही. नवल एवढंच, की एक मोजा भिजेपर्यंत तो आला नव्हता.

मोज्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे एक तळं आहे आणि त्या भिंतीत एक दार आहे. पूर्वी निसर्गाच्या तासाला ते दार उघडायचं, मुलं जोडीजोडीने पलीकडे जायची, बदकं बघायची आणि परत यायची. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं, म्हणजेच कुठल्याही नियमाचा आधार नसताना चाललं. मग एका मुलाचा डावा मोजा भिजला. उजवा कोरडा होता, पण चौकशीत तो विचारात घेतला गेला नाही. मुलाच्या काकांनी आपल्या वकील मेव्हण्याला विचारून तक्रार केली : आज मोजा, उद्या काय? या प्रश्नाचं उत्तर कोणालाच देता येईना, म्हणून दाराला कुलूप लागलं आणि किल्ली मोठ्या सरांच्या कपाटात गेली. (मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. अतिशय सज्जन माणूस. कोणाचंही शांतपणे ऐकून घेतात, आणि एकदा घेतलेलं परत करत नाहीत.)

मुलांचा निसर्गाशी संबंध असा सुरक्षित रीतीने तुटल्यावर तो पुन्हा जोडण्यासाठी कंपनीचा माणूस आला. त्याच्या पिशवीत डोळ्यांवर बांधायचे जाडजूड चष्मे होते. ते बांधले की माणूस बसल्या जागी समुद्राच्या तळाशी, वाळवंटात किंवा ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन येतो. मोठ्या सरांनी पहिला चष्मा बांधला. समुद्रात एक मोठा मासा अंगावर आला, तो चुकवताना सरांचा हात लागून टेबलावरचा चहा सांडला. "किती खरं वाटतं हो," सर भारावून म्हणाले. चहा खरोखरच खरा होता.

पण चौथीच्या पुस्तकातला धडा समुद्राचा नाही, 'आपल्या परिसरातील तळे' असा आहे. कंपनीच्या माणसाने विचारलं, "सगळ्यात जवळचं तळं कुठलं?" त्याला खिडकीतून दाखवण्यात आलं. मग मागचं दार उघडून तो पलीकडे गेला, काठाच्या पाण्यात कॅमेऱ्याची तिकाटी रोवली आणि एका दुपारचं तळं चारी बाजूंनी टिपून आणलं. (दार उघडायला हरकत नव्हती. बंदी मुलांना होती. शिवाय कंपनीच्या माणसाने मोजे घातले नव्हते.) तळ्याकडची ती खिडकी मात्र त्यानंतर काळा कागद चिकटवून बंद केली, कारण तिच्यातून उजेड येतो आणि उजेडात तळं नीट दिसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

सहलीचे जुने नियम बदलायला वेगळी सभा बोलवावी लागते, म्हणून तेच पुढे चालू राहिले. त्यांचं पालन आमच्या शाळेत ज्या निष्ठेने झालं ते पाहून डोळे भरून येतात. प्रत्येक मुलाने टोपी आणावी. पाण्याची बाटली गळ्यात असावी. जोडीदाराचा हात सोडू नये. दुपारचा डबा बरोबर घ्यावा, पण सहलीच्या ठिकाणी कचरा होतो म्हणून उघडू नये. बाईंनी मुलांना एकटं सोडू नये, म्हणजे स्वतःही चष्मा बांधावा. पीटीच्या सरांजवळ शिट्टी आणि मलमपट्टीची पेटी असावी. पालकांनी 'माझ्या पाल्यास डोळ्यांनी तळ्यावर नेण्यास माझी हरकत नाही' असं लिहून द्यावं. बसची मात्र गरज नाही, असं बहुमताने ठरलं. (विरोधात एकच मत पडलं. ते बसवाल्याचं होतं. तो पालकांचा प्रतिनिधी आहे.) आणि फाटकावरच्या मामांना जुन्या रिवाजानुसार लेखी सूचना गेली : 'इयत्ता चौथी तळ्यावर सहलीस जात असल्याने सदर वर्गाच्या मुलांना फाटकात अडवू नये.'

आधी पाचवी आणि सहावी जाऊन आली. निकाल उत्साहवर्धक होते. भिजलेल्या मोज्यांचं प्रमाण शून्यावर आलं. टोपी एकच हरवली, तीही वर्गातच. निम्म्या मुलांना गरगरलं, पण प्रवासात ते व्हायचंच. 'तळ्याचे पाणी कशामुळे आटते?' या प्रश्नाला बहुतेक मुलांनी 'चार्जिंग संपल्यामुळे' असं लिहिलं. ते बरोबर धरावं लागलं, कारण तसं घडताना मुलांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं.

आता आपण ज्या मुलीसाठी इथवर आलो तिच्याकडे वळू. तिचं हजेरीतलं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसत नाही म्हणून बाईंपासून सगळे तिला भिंगरी म्हणतात. ती आई आणि आईचे वडील यांच्याबरोबर राहते. आई दवाखान्यात, नंबर लावायच्या खिडकीवर बसते. आजोबा आयुष्यभर बस चालवून आता निवृत्त झालेत. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांना कमी ऐकू येतं. रोज दुपारी टोपी घालून ते तळ्याच्या बाकावर बसतात, बदकांना पावाचे तुकडे टाकतात आणि शाळा सुटायच्या वेळेला वळसा घालून पुढच्या फाटकाशी नातीला घ्यायला येतात. फोन घरी कपाटात ठेवतात, हरवू नये म्हणून.

रोज बसणारा माणूस त्या दिवशीही बसला होता, त्यामुळे कंपनीच्या तळ्यात आजोबाही आले. (त्यांची रीतसर परवानगी घेतली होती. "बसलात तसेच बसाल का?" असं विचारलं. ते "काय?" म्हणाले. आणि बसले होते तसेच बसले.)

चौथीच्या सहलीचा दिवस उजाडला. रांग लागली, हातात हात गेले, टोप्या घातल्या, टोप्यांवरून चष्मे बांधले. शिट्टी झाली आणि सगळा वर्ग जागचा न हलता तळ्यावर पोचला.

"आजोबा," भिंगरीने हाक मारली.

"ओरडू नको गं," तिची जोडीदारीण म्हणाली, "बदकं उडतील."

बदकं उडाली नाहीत. आजोबांनीही मान वळवली नाही. भिंगरीने पुन्हा हाक मारली. मग आणखी मोठ्याने.

"बाई, ते माझे आजोबा आहेत."

"हो का? छान," बाई आपल्या चष्म्यातून पाणवनस्पती मोजत म्हणाल्या.

"बाई, पण ते माझ्याकडे बघतच नाहीयेत."

"रागावले असतील. काल डबा संपवला नसशील."

बाईंनी हे गमतीने म्हटलं. बाई मायाळू आहेत, मुलांची थट्टा करतात, मुलांनाही ते आवडतं. पण काल डबा खरोखरच संपला नव्हता. अर्धी पोळी तशीच परत गेली होती, आणि ती बघून आजोबा "हं" एवढंच म्हणाले होते. आता हा माणूस एवढ्या हाका मारूनही वळत नाही म्हटल्यावर भिंगरीला सगळ्याचा उलगडा झाला.

तिने चष्मा काढून आपल्या वर्गातल्या बाकावर ठेवला, जोडीदारणीच्या हातात आपल्या हाताऐवजी पाण्याची बाटली दिली, डबा घेतला आणि ती निघाली. वर्गातल्या प्रत्येकाचे डोळे त्या वेळी टक्क उघडे होते. फक्त ते तळ्यावर होते.

फाटकाशी मामा बसले होते.

"कुठे गं?"

"तळ्यावर."

मामांनी भिंतीवरची सूचना पाहिली. चौथी, तळं, अडवू नये. "जपून जा," ते म्हणाले. मामांनी कर्तव्यात कसलीही कसूर केली नाही, असं अहवालात स्पष्ट नोंदलेलं आहे आणि ते खरंही आहे.

सहल संपल्याची शिट्टी झाली. चष्मे उतरले. बाईंनी डोकी मोजली, पुन्हा मोजली, मग प्रत्येक डोक्याला हात लावून मोजली. एक कमी. बाकावर एक चष्मा होता आणि त्याच्यामागे कोणी नव्हतं. बाईंचे ओठ पांढरे पडले.

मोठे सर मात्र अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे शोध समिती नेमली : ते स्वतः, पीटीचे सर आणि कारकून. सरांनी मांडलेला तर्क मी इथे जसाच्या तसा देतो, कारण इतका सरळ तर्क क्वचित ऐकायला मिळतो. मुलगी सहलीला निघताना हजर होती. सहल तळ्यावर गेली. सहलीहून परतताना मुलगी हजर नाही. म्हणजे ती तळ्यावर राहिली. म्हणजे तिला तळ्यावरच शोधलं पाहिजे.

"तेच म्हणते मी सर," बाई म्हणाल्या. "किल्ली द्या, मागचं दार उघडते."

"मागच्या दाराचा काय संबंध?"

"तळं तिकडेच आहे ना."

"बाई, वर्ग त्या दाराने गेला होता का? नाही. मग ती त्या तळ्यावर कशी असेल? ती ज्या तळ्यावरून हरवली, त्या तळ्यावर नको का बघायला?" असं म्हणून सरांनी चष्मा बांधला.

शोध अत्यंत बारकाईने झाला. तिघांनी तीन दिशा वाटून घेतल्या. पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली. बाकाखाली वाकून बघताना त्यांचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि मलमपट्टीची पेटी कारणी लागली. एकाचं पाहणं पुरेसं धरू नये, म्हणून तिघांनी जागा बदलून पुन्हा पाहिलं. मग कारकुनाने लिहून घेतलं :

'तळ्यावर शोध घेतला असता बदके, एक उलटी होडी व बाकावर एक टोपीधारी वृद्ध गृहस्थ आढळले. मुलगी आढळली नाही. सदर गृहस्थांस वारंवार हाका मारल्या असता त्यांनी सहकार्य केले नाही. तळ्याच्या पलीकडे एका इमारतीची मागील बाजू दिसते. तिचा गिलावा पडला असून देखभाल चांगली नाही. इमारत कोणाची आहे ते समजले नाही.'

आईला फोन गेला होता. ती दवाखान्यातून तशीच आली, कानामागे पेन तसंच अडकवलेलं.

"कुठे कुठे शोधलंत?"

"सगळं तळं पालथं घातलं, ताई."

आईच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली. "तळ्यावर माझे बाबा असतात. टोपी घालून. त्यांच्यापाशी गेली असेल ती."

"टोपीवाले आहेत की. बाकावर."

"मग?"

"एकटेच आहेत. आम्ही तिघांनी पाहिलं. अगदी बाकाखालीसुद्धा." पीटीच्या सरांनी कपाळावरची पट्टी दाखवली.

"बाबांना विचारलंत का?"

"किती हाका मारल्या. वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी."

"त्यांना कमी ऐकू येतं," आई म्हणाली आणि खुर्चीवर बसली. आता शंकेला जागाच राहिली नव्हती. टोपी जुळत होती, कान जुळत होते. एवढ्या खात्रीने सांगणाऱ्या तीन सुशिक्षित माणसांवर अविश्वास दाखवायला माणूस अडाणीच असायला हवा, आणि ती चांगली शिकलेली होती.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. सहलीला गेलेल्या मुलांच्या पालकांना चष्म्याकडून अधूनमधून निरोप जातो, तो आला होता. 'आपले पाल्य तळ्यावर सुखरूप आहे.'

"हे काय मग?"

"ते यंत्र आहे, ताई," मोठे सर हळुवारपणे म्हणाले. "आपोआप पाठवतं. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नसतो."

आई उठली. शाळेतून बाहेर पडल्यावर डाव्या हाताचा रस्ता तळ्याकडे जातो. ती उजवीकडे वळली. बसथांबा, वाण्याचं दुकान, मावशीचं घर, पूल. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, आणि विचारताना हात आपोआप कमरेपाशी जाऊन थांबायचा. "एवढी आहे. दोन वेण्या." पुलावर ती जरा जास्त वेळ थांबली. खाली बघितलं. मग पुढे गेली. इथे मला काही विनोद सुचत नाही, तेव्हा आपण शाळेत परत जाऊ.

शाळेत बाई चष्म्यांच्या खोलीत एकट्याच राहिल्या होत्या. रिकामा चष्मा बाकावर तसाच होता. बाई खिडकीपाशी गेल्या आणि काळ्या कागदाचा एक कोपरा नखाने खरवडू लागल्या. कागद चांगल्या प्रतीचा होता (खरेदी समितीचं हे यश मान्य करावंच लागेल), तरी हळूहळू एक डोळा मावेल एवढी भेग पडली. बाईंनी डोळा लावला.

"सर," त्या ओरडल्या. "दिसली. बाकावर आहे. आजोबांजवळ."

मोठे सर धावत आले आणि त्यांनी तातडीने चष्मा बांधला.

"कुठे? बाकावर तर एकटेच आहेत."

"इकडून बघा सर, या भेगेतून."

"बाई, तुम्ही कागद फाडलात? आत उजेड आलाय. आता तर मला तळंसुद्धा धड दिसेना."

बाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्या फाटकाकडे पळाल्या. मामांनी त्यांना अडवलं, कारण सूचनेत मुलांचा उल्लेख होता, बाईंचा नव्हता. बाईंनी मामांना जे उत्तर दिलं ते अहवालात घेतलेलं नाही.

तळ्यावर काय चाललं होतं ते मला बाईंकडून कळलं. डबा मधे ठेवून दोघं जेवत होती. आजोबांना वाटलं होतं, शाळेने आज लवकर सोडलं.

"पण तुम्ही रागावला नव्हतात ना?" भिंगरी विचारत होती.

"मी? कशाला रागावू?"

"मग मी हाका मारल्या तर बघितलं का नाही?"

"कधी मारल्यास?"

"मगाशी. तिथे होते मी." तिने काठाच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

आजोबांनी त्या पाण्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी विचारलं नाही. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "कान गेलेत ना. आता परत मार बघू. जरा जोरात."

भिंगरी उठली, बरोबर त्याच जागी जाऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली. आजोबांनी मान वळवली आणि टोपी काढून उंच धरली. तिने पुन्हा हाक मारली. त्यांनी पुन्हा टोपी धरली. असं बराच वेळ चाललं होतं, म्हणे. बाई पोचल्या त्या झाडापाशीच थांबल्या, आईला फोन लावला आणि बोलता येईना म्हणून नुसता फोन पुढे धरला. आईला त्या हाका ऐकू आल्या. ती पुलापलीकडून धावत निघाली.

या सगळ्यात भिंगरीचा डावा मोजा भिजला.

सगळे फाटकाशी आले तेव्हा एक अडचण उभी राहिली. सहलीहून परत न आलेली मुलगी बाहेरून परत येऊ शकत नाही, तशी तरतूदच नाही. मोठ्या सरांनी तोडगा काढला. भिंगरीला तिच्या जागेवर बसवलं, चष्मा बांधला, म्हणजे ती तळ्यावर गेली, आणि आता तो काढला की परत येईल. आईने तिचा हात धरला होता. सरांनी विनंती केली की रीत पूर्ण होईपर्यंत तेवढा सोडावा. आईने सोडला नाही. नियमात याबद्दल काही लिहिलेलं नसल्याने सरांनी आग्रह धरला नाही.

"काय दिसतंय?" आईने विचारलं.

"आजोबा," चष्म्यातून भिंगरी म्हणाली. "पण इथले अजून रागावलेलेच आहेत."

चष्मा काढला. हजेरीवर 'परत' अशी खूण झाली.

समितीचा अंतिम अहवाल परवाच मंजूर झाला. शोधमोहिमेत कुठलीही चूक आढळली नाही. खिडकी कायमची बांधून घ्यावी. बाईंनी कागद का फाडला याचा खुलासा लेखी द्यावा. भिजलेल्या मोज्याची स्वतंत्र चौकशी व्हावी. दृश्य आणि प्रत्यक्ष यांत तफावत पडू नये म्हणून सहलीच्या वेळी सदर वृद्ध गृहस्थांनी बाकावर एकटेच बसावे. आणि सगळ्यात महत्त्वाची शिफारस अशी, की पुढच्या आवृत्तीत कंपनीने बाकावर एक मुलगी दाखवावी, म्हणजे यापुढे जी कोणी हरवेल ती ताबडतोब सापडेल.

सज्जनहो, आपली सहल इथे संपली. एवढा वेळ आपण तळ्यावर होतात. बदकं पाहिलीत, टोपी पाहिलीत, आई पुलावर थांबली तेव्हा आपलाही जीव जरा वरखाली झाला. आपल्या चांगुलपणाला ते शोभून दिसलं, आणि मोजे कोरडे राहिले. आता फक्त डोकी मोजायची राहिली. आपण वाचायला बसलात तेव्हा शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. त्याने एकदा हाक मारली. आपण मान न वळवता "हं" म्हणालात. त्याने पुन्हा मारली, मग ते गेलं.

कुठल्या दाराने, ते आपल्याला आठवत नसणार. घाबरायचं कारण नाही. या कथेत पुन्हा एकदा बारकाईने शोधा.